घरचीच

विजयमालावहिनींना त्या शिबिरातून काय मिळणार होतं, ते त्या माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसल्या त्याच दुपारी मी मनात मांडून टाकलं. नगराध्यक्षपद त्या वर्षी बायकांसाठी राखीव झालं होतं. तिकीट आमदारांच्या हातात, आमदार आपल्या आईच्या, माईसाहेबांच्या, हातात, आणि माईसाहेबांना फोटोची भारी हौस. म्हणजे माईसाहेब ज्या मांडवात येतील तो मांडव जिचा, तिकीट तिचं. इतकं सरळ होतं. मध्ये कर्करोग आला तो निमित्ताला.

"मालनकाकू, तीळ पांढरेशुभ्र पाहिजेत हां," वहिनी म्हणाल्या. "मागच्या वेळी कचकच लागली दाताखाली."

"तिळाची नव्हती ती वहिनी, गुळाची असेल. तीळ तुमच्या इंदूनं माझ्यासमोर निवडलेत. काय गं इंदू?"

इंदू त्यांच्या मागं पिशव्या धरून उभी होती. ती नुसती हसली. इंदू म्हणजे वहिनींची धाकटी जाऊ. तिचा नवरा मळ्यात मोटारीचा शॉक लागून गेला तेव्हा पोर कडेवर होती. आता ती पोर, मंजिरी, लग्नाला आली होती. साळुंख्यांच्या घरात माणसांचा राबता मोठा, आणि चुलीपासून माळ्यापर्यंत सगळं इंदूच्या अंगावर. वहिनी तिला कधी वाईट बोलल्या नाहीत. मंजिरीचं शिक्षण त्यांनीच केलं, स्थळही त्यांनीच आणलं. हे लिहायला पाहिजे, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की बाई दुष्ट होती. दुष्ट नव्हती. घाईत होती.

"पुण्याहून गाडी येणार आहे," वहिनी सांगत होत्या. "आत मशीन आहे. डॉक्टरीणबाई आधी हातानं बघतात, मग मशीनमध्ये फोटो काढतात. छातीच्या कर्करोगाचं म्हणे आधीच कळतं त्यात. एकच दिवस थांबणार. पण नुसतं तपासणीला या म्हटलं तर आपल्या गावची एक बाई यायची नाही, पदर घट्ट करून घरात बसतील. म्हणून मी काय केलंय, हळदीकुंकू आणि तपासणी एकाच मांडवात. पाटावर बसायचं, हळदीकुंकू लावून घ्यायचं, वाण घ्यायचं. वाणाबरोबर टोकन. टोकन घेतलं की तडक गाडीत. मधून पळायला वाटच ठेवली नाही."

"म्हणजे खोबऱ्याचा तुकडा लावून पिंजरा मांडलाय म्हणा की."

वहिनी खदखदून हसल्या. "काकू, तुमच्या जिभेला काही हाड? पण बघा, येतील की नाही."

"येतील की. वाण काय आहे?"

"स्टीलचा डबा. झाकणाचा."

"मग सुनांनाही घेऊन येतील," मी म्हटलं. तेव्हा ते थट्टेनं म्हटलं होतं.

त्या गेल्या, आणि चहा व्हायच्या आत इंदू एकटी परत आली. गूळ राहिला म्हणाली. गूळ राहिला नव्हता, मी स्वतः पिशवीत घातला होता. आमचे हे गादीवर पेंगत होते. इंदूनं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि आतल्या बाजूला, पोत्यांच्या आडोशाला आली.

"काकू, त्या गाडीत विचारतात का? कशाला आलीस, काय होतंय, असं?"

"कुणाला काय विचारतील? सगळ्याच जाणार."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. "सगळ्याच जाणार. म्हणजे कोण कशासाठी गेली, ते कुणी बघणार नाही."

मग तिनं माझा हात धरला आणि पदराखाली, डाव्या बाजूला नेऊन ठेवला. सुपारीएवढं काहीतरी होतं. दाबलं तरी हलत नव्हतं.

"दिवाळीत हरभऱ्याएवढं होतं," इंदू म्हणाली.

"दुखतं?"

"दुखलं असतं तर बरं झालं असतं. ओरडले तरी असते."

"अगं, मग वहिनींना सांग ना! उद्याच्या उद्या गाडी काढून नेतील तुला."

"नेतील. त्याच तर नेतील. आणि जायच्या आधी चार घरी सांगून जातील, आमच्या इंदूला गाठ झालीय म्हणून. अक्कांच्या मनात काही नसतं काकू, पण तोंडात काही राहतही नाही. तुम्हाला माहीत नाही का?"

माहीत होतं.

"मंजिरीचं जमत आलंय," ती म्हणाली. "सांगोल्याची माणसं चांगली आहेत, पण चौकस फार. मुलीचे वडील कशानं गेले, हे दोनदा विचारलं. शॉक लागून म्हटल्यावर विहीणबाई चक्क हसल्या हो. म्हणाल्या, मग काही नाही, अंगातलं नव्हतं ना काही. आता आईच्या अंगात हे निघालं तर? रथसप्तमी झाली की याद्या करायला येणार आहेत. तोवर मला सोलापूर नाही, पंढरपूर नाही, कुठंच जाता येणार नाही. गेले की प्रश्न, कुठं गेलीस, का गेलीस. ह्या गाडीचं बरं आहे. दारात येणार. सगळ्यांबरोबर आत गेले, सगळ्यांबरोबर बाहेर आले. डॉक्टरीणबाई काय सांगतील ते मला एकटीला सांगतील. मग पुढचं बघता येईल गुपचूप."

आमच्या आळीत इंदूला सगळे साधी म्हणायचे.

"पण इंदू, वाट पाटावरून आहे," मी म्हटलं. "हळदीकुंकवाशिवाय टोकन नाही."

"ते आलंय माझ्या ध्यानात. मी कुठं पाटावर बसतेय? सगळ्यांचं झालं की शेवटी टोकन तेवढं मागून घेईन अक्कांकडं. घरातच तर आहे मी."

जाताना तिनं खरंच गुळाची एक ढेप घेतली. रिकाम्या हातानं परत गेली असती तर तिथंही कुणीतरी विचारलं असतं.

शिबिराच्या दिवशी साळुंख्यांच्या अंगणात मांडव, मांडवात शंभर बायका, आणि फाटकाबाहेर ती पांढरी गाडी. माझा अंदाज खरा ठरला. डब्याच्या बातमीनं सगळ्या सुना गोळा झाल्या होत्या. काहींच्या हातावरची मेंदी अजून गेली नव्हती. पाटावर बसत होत्या, कुंकू घेत होत्या, डबा घेत होत्या, आणि डब्याबरोबर टोकन आलंच म्हणून हसत-खिदळत गाडीत चढत होत्या. त्यांच्या सासवा मांडवात बसून राखण करत होत्या, डब्यांची.

डॉक्टरीणबाई, शेवडे त्यांचं नाव, अंगानं बारीक आणि आवाजानं खणखणीत. त्या गाडीतून उतरून थेट वहिनींच्या टेबलाशी आल्या.

"विजयमालाताई, पंचविशीच्या मुली का पाठवताय? मी चाळिशीच्या पुढच्या म्हटलं होतं. मशीनला दिवसभरात ठरावीकच बायका घेता येतात. मोजून टोकनं दिली आहेत तुम्हाला."

"हो हो डॉक्टर. पण पाटावर बसलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? अपमान होतो हो त्यांचा."

"अपमान माझ्यावर सोडा. वयस्क बायका पाठवा. ज्यांना घरात कोणी विचारत नाही, त्यांना आधी पाठवा."

"पाठवते की," वहिनी म्हणाल्या आणि पुढच्या मुलीच्या कपाळावर कुंकू टेकवलं.

माझा नंबर लवकर लागला. गाडीत गारवा होता. डॉक्टरीणबाईंनी आधी हातानं नीट चाचपून बघितलं, मग त्या मशीनच्या दोन पाट्यांमध्ये असं दाबलं की डोळ्यांपुढं काजवे चमकले. पण झालं लगेच. बाहेर आले ती सरळ मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेले.

इंदू पुरण वाटत होती. माईसाहेब जेवायला थांबणार होत्या. इंदू डोक्यावरून न्हाली होती, निळी साडी नेसली होती, केस अजून ओले होते.

"पावडर लावली नाही आज," ती हळूच म्हणाली. "डॉक्टरीणबाई माइकवर सांगत होत्या ना, अंगाला पावडर-बिवडर लावून येऊ नका म्हणून. इथपर्यंत आवाज येतो."

"पुरण राहू दे, आधी चल तू. टोकनं संपायला लागलीत."

"मंजिरी गेलीय मागच्या चुलीवरची डाळ उपसायला, ती आली की येते. तुम्ही अक्कांना माझं एक बाजूला ठेवायला सांगा."

मी सांगितलं. वहिनींच्या कानाशी वाकून, इंदूचं एक बाजूला ठेवा म्हटलं.

"अहो काकू, इंदूची कसली काळजी करताय?" वहिनी टोकनं वाटता वाटताच म्हणाल्या. "पाहुण्यांचं आधी होऊ दे. ती घरचीच आहे."

आमच्याकडं घरच्या बाईचं ताट शेवटी वाढतात, हे मला कुणी शिकवायला नको. मीही तशीच जेवत आले. भाजी संपली तर संपली. पण मशीनही त्याच रीतीनं वाढतील असं मला वाटलं नव्हतं.

पहिल्या रांगेत सतरंजीवर सांगोल्याच्या विहीणबाई येऊन बसल्या होत्या. वहिनींनी मुद्दाम बोलावलं होतं, आपला थाट दिसावा म्हणून. बाई सगळ्यांकडं निरखून बघत होत्या. कोण गाडीत जाताना हसते, कोण बाहेर येताना गप्प असते, सगळं टिपत होत्या.

ऊन कलायला लागलं तेव्हा माईसाहेब आल्या, बरोबर कॅमेरावाला. आमच्या गावात माईसाहेब आल्या की सगळ्या उभ्या राहतात, तशा राहिल्या. ओवाळणं झालं, तिळगूळ झाला. माईसाहेबांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, कसा आहे प्रतिसाद. आणि डॉक्टरीणबाईंनी ते बोलून दाखवलं, जे बोलायला तिथं दुसरं कुणी नव्हतं.

"गर्दी खूप आहे. पण माईसाहेब, सकाळपासून एकही विधवा बाई आलेली नाही माझ्याकडे. गावात नाहीत का?"

माईसाहेबांनी वहिनींकडं बघितलं. "काय गं विजयमाला? विधवांना नाही बोलावलंस?"

मी वहिनींना ओळखत होते. दुसरी कुणी असती तर चाचरली असती. वहिनींनी पदर सावरला आणि माइकच हातात घेतला.

"बोलावलंय की माई! तुमच्या हातूनच सुरुवात करायची म्हणून थांबलो होतो. आणि आम्ही दुसऱ्यांना उपदेश करत नाही, आमच्या घरातून सुरुवात करतो. इंदू! ये गं बाहेर."

इंदू दारात आली. हाताला पुरण होतं, ते तिनं घाईनं जुन्या लुगड्याच्या फडक्याला पुसलं. काय चाललंय ते तिला कळेपर्यंत तिला पाटावर बसवलं होतं. वहिनींनी बोट कुंकवात बुडवलं आणि तिच्या कपाळावर टेकवलं. मागं कुणीतरी म्हातारी "शिव शिव" म्हणाली. माईसाहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. विहीणबाईंनी आधी माईसाहेबांकडं बघितलं आणि मग त्यांनीही वाजवल्या.

"टोकन पण द्या हातात," कॅमेरावाला म्हणाला. "असं छातीशी धरा बाई. वर बघा."

टेबलावरच्या पेटीत तळाला एकच टोकन राहिलं होतं. वहिनींनी ते इंदूच्या हातात ठेवलं. इंदूचे डोळे भरून आले होते. तो फोटो पुढं पेपरात आला, तेव्हा सगळे म्हणाले, बघा, कपाळाला कुंकू लागलं तर बाईला रडू आलं. ती कुंकवाला नव्हती रडत. तिनं ते टोकन मुठीत असं आवळलं होतं की पुठ्ठा वाकला होता, आणि ती वर कॅमेऱ्याकडं नव्हती बघत, फाटकाबाहेरच्या गाडीकडं बघत होती.

ती उठली. गाडीकडं चार पावलं गेलीसुद्धा.

"माई," कॅमेरावाला म्हणाला, "तुम्ही स्वतः तपासून घेतलं तर? गाडीतून उतरताना एक झकास फोटो होईल. बायकांची भीती जाईल."

"खरंच की," माईसाहेब म्हणाल्या. "मी पुण्यात दरवर्षी करतेच. पण इथं करते, बायकांना धीर येईल."

गाडीच्या ड्रायव्हरनं घड्याळाकडं बघितलं. त्यांना त्याच दिवशी पुढच्या गावाला पोचायचं होतं. डॉक्टरीणबाई गाडीच्या दारातून म्हणाल्या, "शेवटची एक. जिच्याकडे टोकन आहे तिला पाठवा."

वहिनी इंदूजवळ गेल्या. मी बाजूलाच होते, सगळं ऐकू आलं. आवाज गोड होता, नेहमीसारखाच.

"इंदू, ते दे गं इकडं. माईंना जाऊ दे. तू काय, घरचीच आहेस. तुझं मी पुण्याला नेऊन करीन, निवांत. आणि पान वाढायला घे, आल्या आल्या जेवायला बसतील त्या."

इंदूची मूठ उघडली नाही.

"वहिनी, तिला जाऊ द्या," मी मध्ये पडले. "माईसाहेब दरवर्षी करतात म्हणाल्या ना आत्ता. नुसता फोटोच पाहिजे तर पायरीवर उभं राहून काढा."

"काकू," वहिनी दातांतल्या दातांत म्हणाल्या, "तुम्हाला कळत कसं नाही?"

मला कळत होतं. एका वाक्याचं काम होतं. तिला गाठ आहे हो, एवढं मी मोठ्यानं म्हटलं असतं तर वहिनींनीच माईसाहेबांना मागं ओढून इंदूला आत ढकललं असतं. तेवढी माणुसकी त्या बाईत नक्की होती. माझ्या ओठांवर आलंही होतं. पण पहिल्या रांगेत विहीणबाई मान पुढं करून बघत होत्या, हे काय चाललंय म्हणून. इंदूनं त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. आणि मान हलवली, अगदी थोडी. नको.

तिनं टोकन वहिनींच्या हातात दिलं. वाकलेला कोपरा आधी अंगठ्यानं सरळ केला आणि मग दिलं.

माईसाहेब आत गेल्या. "अगं बाई, गार लागतंय की!" असं आतून ऐकू आलं आणि मांडव हसला. त्या बाहेर आल्या, फोटो झाला. डॉक्टरीणबाई हात पुसत दारात आल्या.

"झालं? त्या निळ्या साडीतल्या बाई, ज्यांना कुंकू लावलं, त्या राहिल्या का?"

"त्यांचं झालंय पुण्याला," वहिनी म्हणाल्या. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. पाहुणीला दारात ताटकळत कशाला ठेवायचं, म्हणून.

मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा इंदू पोळ्या लाटत होती. कपाळ धुतलेलं होतं, पण कुंकू चांगल्या प्रतीचं, माझ्याच दुकानातलं. त्याचा लालसर डाग गेला नव्हता. तिची सासू कोपऱ्यातून बडबडत होती, "लाज नाही वाटली लावून घ्यायला," आणि इंदू पोळी तव्यावर टाकत होती.

"अक्का नेणार आहेत पुण्याला," ती मला म्हणाली.

याद्या झाल्या. तिकीट मिळालं. मंजिरीचं लग्न वैशाखात लागलं, आणि त्याच मांडवात वहिनींनी प्रचारही उरकून घेतला. पुण्याचं मी दोनदा विचारलं. एकदा निवडणूक होऊ दे म्हणाल्या, एकदा शपथ होऊ दे म्हणाल्या.

मंजिरी सासरी गेली, पाठवणीचे डबे धुऊन झाले, तेव्हा इंदू दुकानात आली. ह्या वेळी आडोशालाही गेली नाही.

"काकू, आता सांगितलं तरी चालेल," ती म्हणाली.

सोलापूरला मीच नेलं तिला. तिथली डॉक्टर पोरसवदा होती. तिनं बघितलं, काखेत चाचपलं, आणि इंदूला न विचारता मला विचारलं, "इतके दिवस काय केलंत?" इंदूच म्हणाली, "लग्न होतं घरात."

वहिनींना कळलं तेव्हा त्या ढसाढसा रडल्या, आणि ते रडणं खरं होतं. पुण्याला नेलं, मोठा डॉक्टर गाठला, स्वतः उशाशी बसल्या. नगराध्यक्षबाई दवाखान्याच्या बाकावर झोपते म्हणून लोक कौतुक करायचे. आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगायच्या, "शिबिरात तपासलं होतं हो हिला. सगळ्यांत आधी हिलाच. तेव्हा काही नव्हतं मशीनमध्ये. आता नशिबापुढं काय करणार?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तोंड उघडलं होतं. पलंगाच्या पायथ्याशी मंजिरी बसली होती, नव्या हिरव्या बांगड्यांची, सासूबरोबर आलेली. इंदूनं माझ्याकडं बघून मान हलवली. मांडवात हलवली होती तशीच. नंतर मी वहिनींचा चेहरा नीट बघितला. खोटं बोलणाऱ्याचा तो चेहरा नव्हता. तोवर त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता.

इंदू पुढच्या संक्रांतीच्या आधी गेली.

आता वहिनींचं दुसऱ्यांदाचं नगराध्यक्षपदही जुनं झालं. जुन्या वाचनालयाच्या इमारतीत नगरपालिकेचं तपासणी केंद्र आहे, इंदुमती साळुंखे यांच्या नावाचं. केंद्र चांगलं चालतं, नाव ठेवायला जागा नाही. मशीन तिथंच आहे, विधवांनाही बोलावतात, कुंकू-बिंकू काही नाही. आत शिरलं की समोर मोठा फोटो. इंदूचा दुसरा बरा फोटो घरात सापडला नाही म्हणे, म्हणून तोच लावलाय. निळी साडी, कपाळाला कुंकू, हातात टोकन छातीशी धरलेलं. वर हार.

माझंही कपाळ आता मोकळं आहे. मी दरवर्षी जाते तिथं. परवा गेले तर फोटोखालच्या बाकावर मंजिरी बसलेली. पोर चाळिशीला आली, आईसारखीच दिसते.

"तपासायला आलीस?" मी विचारलं.

"नाही हो काकू. नगरपालिकेनं सत्कार ठेवलाय मोठ्या आईंचा, त्याला आले. सगळ्यांचं चाललंय, तूही तपासून घे, तूही तपासून घे. मी नाही तपासत." तिनं वर बोट केलं. "तिनं नव्हतं का तपासलं? हे बघा, टोकन हातात आहे. मशीननं सांगितलं काही नाही, आणि वर्षात गेली. असल्या मशीनचा काय उपयोग? सासूबाई तर उठता-बसता ऐकवतात, तुझ्या आईचं तुझ्यात उतरणार. उतरू दे. कळून तरी काय करायचंय?"

ह्या वेळी मान हलवून अडवायला कुणी नव्हतं. फोटोतली इंदू गाडीकडं बघत होती.

"मंजिरी, तुझी आई आत गेलीच नव्हती," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"ते टोकन फोटोपुरतं होतं. काढून घेतलं लगेच. माईसाहेब गेल्या त्याच्यावर. तुझ्या आईला तेव्हा गाठ होती, ती मला माहीत होती आणि तिला माहीत होती. ती त्या गाडीची वाट बघत होती."

"मग बोलली का नाही? एवढी माणसं होती. एक शब्द बोलायचा."

"बोलली असती. पहिल्या रांगेत तुझी सासू बसली होती."

तिला कळायला वेळ लागला नाही. हुशार पोर आहे, आईवर गेलीय. तिनं फोटोकडं पुन्हा बघितलं नाही. खाली मान घालून मंगळसूत्राच्या वाट्या बोटांत फिरवत बसली, सोलून काढाव्यात तशा.

तेवढ्यात वहिनी आल्या. गुडघे गेलेत, काठी घेऊन चालतात, पण आवाज तोच.

"मंजिरी! अगं तू इथं काय बसलीस? तपासायचंय का? चल ये, थेट आत चल. तुला रांग कशाला? तू काय, घरचीच आहेस."

मंजिरी उठली. तिनं वहिनींना वाकून नमस्कार केला. मला वाटलं आता बोलेल काहीतरी. बोलली ती एवढंच, "नको मोठ्या आई. मी रांगेनं जाते."

खिडकीवर जाऊन तिनं टोकन घेतलं आणि शेवटच्या बाईच्या मागं जाऊन उभी राहिली. वहिनी हसून मला म्हणाल्या, "अगदी इंदू हो. मानी."

माझं मोजणं चाललं होतं. गावाला मशीन मिळालं. सुनांना झाकणाचे डबे मिळाले, अजून वापरात असतील. माईसाहेबांना फोटो मिळाला आणि काही नाही असा रिपोर्ट मिळाला. वहिनींना खुर्ची मिळाली, ती दोनदा. मंजिरीला सासर मिळालं, तिच्या सासूला निरोगी घरातली सून मिळाली. एवढ्या सगळ्यांचं इंदूनं एकटीनं भरलं. आणि भरल्याची पावती म्हणून ते टोकन तिच्या हातात ठेवलंय, कुणीही येऊन बघावं असं, भिंतीवर.